‘निवड’ आणि ‘पात्रता’ : ख्रिस्ती कृपासिद्धांताचे एक वाचन

मराठी स्वयंपाकघरात ‘निवडणे’ या क्रियापदाचा अर्थ पक्का आहे. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढले जातात, मेथी निवडताना पिवळी पाने टाकली जातात. निवडीचे कारण निवडल्या जाणाऱ्या वस्तूच्या अंगी असते. निवडणाऱ्याची नजर ते फक्त ओळखते. मराठी बायबलात ‘निवडलेले’ हा शब्द वाचताना वाचक हा अर्थ नकळत बरोबर घेऊन येतो, आणि देवाने काहींना निवडले म्हणजे त्यांच्यात काही उजवे पाहून निवडले असणार, असे गृहीत धरतो. ख्रिस्ती धर्मविचारातील निवडीचा सिद्धांत नेमका या गृहीताचे खंडन करण्यासाठी उभा राहिलेला आहे. सुपातले सगळे दाणे सारखेच, किंबहुना सगळेच किडके, आणि तरीही त्यांतले काही उचलले गेले, असे तो सांगतो. ‘तारण’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. ज्याच्यापाशी तारण नाही त्याला सावकार दारात उभे करीत नाही. ख्रिस्ती परिभाषेत मात्र हाच शब्द, गहाण ठेवण्याजोगे काहीही ज्याच्या हाती उरलेले नाही अशा माणसाच्या सुटकेसाठी वापरला जातो.

शब्दांच्या या ओढाताणीकडे लक्ष वेधण्याचे कारण असे की ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात हा सिद्धांत बहुधा दोन ठरीव वाटांनी समजावला जातो. एक तर ‘सर्व आधीच ठरलेले आहे असे मानणारा दैववाद’ म्हणून तो एका वाक्यात निकालात काढला जातो, किंवा संतांच्या कृपाकल्पनेशी त्याचे सरळ समीकरण मांडले जाते. पहिली वाट चुकीची आहे आणि दुसरी अपुरी. सिद्धांताच्या मुळाशी असलेला प्रश्न भविष्य ठरलेले आहे की नाही हा नसून, माणूस देवासमोर कोणत्या पात्रतेने उभा राहतो हा आहे. त्याचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहिला तरच पुढे पंडिता रमाबाई किंवा रेव्हरंड टिळक यांच्या लेखनात ‘कृपा’ या शब्दाला आलेले वजन कळू शकते.

बायबलमधील पेच

जुन्या करारात निवडीची भाषा एका लोकसमूहाला उद्देशून येते. अब्राहामाला बोलावणे येते, पण त्याआधी त्याच्या थोरवीचे वर्णन नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएल लोकांना बजावलेले आहे की ते संख्येने मोठे म्हणून निवडले गेले नाहीत, ते तर सर्वांत लहान होते; परमेश्वराची त्यांच्यावर प्रीती जडली एवढेच कारण. हे कारण म्हणजे वस्तुतः कारण देण्याचे नाकारणेच आहे. आमोस हा संदेष्टा त्यापुढे जाऊन सांगतो की निवड ही सवलत नव्हे. निवडलेल्यांचीच झडती अधिक कडक घेतली जाईल. शिवाय ज्या देवाने इस्राएलला मिसरातून काढले त्यानेच पलिष्टी आणि अरामी यांनाही त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून आणले, असे म्हणून तो इस्राएलचा अभिमान खाली उतरवितो.

सिद्धांताला टोक येते ते पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात. त्याच्या नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचा दाखला आहे. दोघे आईच्या पोटात आहेत, दोघांनी बरेवाईट काहीही केलेले नाही, आणि त्याच वेळी धाकट्याची निवड झालेली आहे. यावर जो आक्षेप सुचेल तो पौल स्वतःच उपस्थित करतो : मग देव अन्यायी ठरत नाही काय?

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला हा आक्षेप परिचित आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो वैषम्य आणि नैर्घृण्य या दोन नावांनी येतो. सृष्टीत कोणी सुखी, कोणी दुःखी. तर मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय मानावा काय? तेथील उत्तर असे की ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फल देतो. विषमतेचे मूळ त्याच्या ठायी नसून प्राण्याच्या पूर्वकर्मात आहे आणि संसार अनादी असल्यामुळे पहिल्या कर्माचा प्रश्न उद्भवत नाही. या उत्तरात ईश्वराचे न्यायीपण सुरक्षित राहते. पौलाला हा दरवाजा उघडा नाही, कारण जन्मापूर्वीच्या कर्माची शक्यता त्याने दाखल्यातच मिटवून टाकली आहे. तो कुंभार आणि माती यांची उपमा देतो आणि मातीने कुंभाराला जाब विचारू नये असे म्हणतो. हे उत्तर नव्हे, उत्तराला दिलेला नकार आहे, आणि तो वाचकाला खटकतो हे मान्य केले पाहिजे.

मात्र या अध्यायाचे वाचन बरेचदा येथेच थांबते, आणि त्यातून पुष्कळ अनर्थ झाला आहे. नऊ ते अकरा हे तीन अध्याय मिळून एकच युक्तिवाद होतो. पौलासमोरचा प्रश्न, अमुक एक माणूस स्वर्गात जाईल की नरकात, असा नाही. आपल्या लोकांपैकी बहुसंख्यांनी ख्रिस्ताला नाकारले, तर देवाने दिलेले वचन खोटे पडले काय, असा आहे. अकराव्या अध्यायाच्या अखेरीस तो ज्या निष्कर्षाला येतो त्यात सर्वांवर दया व्हावी म्हणूनच सर्वांना आज्ञाभंगात कोंडले गेले, असा विलक्षण विचार आहे. नवव्या अध्यायाची कठोरता आणि अकराव्याची व्यापकता यांचा मेळ कसा घालावा, या एका प्रश्नाभोवती पुढील पंधराशे वर्षांचा वाद फिरत राहिला.

पौलाने बंद केलेला दरवाजा उघडून पाहण्याचा प्रयत्न ख्रिस्ती परंपरेत झालाच नाही असे नाही. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा विचारवंत ऑरिजेन याने, आत्मे देहात येण्यापूर्वी अस्तित्वात असतात आणि त्या अवस्थेतील त्यांच्या वर्तनामुळे त्यांना या जन्मी निरनिराळी स्थिती प्राप्त होते, असे मांडले. याकोबाची निवड त्याच्या पूर्वीच्या अवस्थेतील योग्यतेमुळे झाली, असे त्याचे स्पष्टीकरण होते. कर्मसिद्धांताशी असलेले याचे साम्य उघड आहे. ख्रिस्ती मंडळीने पुढे ते नाकारले. म्हणजे विषमतेचा उलगडा पूर्वसंचिताने करण्याचा पर्याय या परंपरेला ठाऊक नव्हता असे नव्हे. ठाऊक असून तिने तो घेतला नाही. हा नकार समजून घेतल्याशिवाय ऑगस्टीन समजत नाही.

ऑगस्टीन आणि पेलेजियस

हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) हा आरंभी सौम्य मताचा होता. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि त्या भावी विश्वासाकडे पाहून तो निवड करतो, असे तो मानी. या मतात देवही न्यायी ठरतो आणि माणसाच्या स्वातंत्र्यालाही धक्का लागत नाही. इ. स. ३९६ च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिशियनने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे लिहिताना त्याचे हे मत बदलले. जे दिले गेले नाही असे तुझ्यापाशी काय आहे, अशा आशयाचा पौलाचा करिंथकरांना केलेला प्रश्न त्याला निर्णायक वाटला. माणसाजवळ विश्वास असेल तर तोही मिळालेलाच आहे. मग त्या विश्वासाकडे पाहून निवड झाली असे म्हणणे म्हणजे देणगीलाच देणगीचे कारण ठरविणे होय. उतारवयात आपल्या लेखनाचा फेरआढावा घेताना ऑगस्टीनने या वळणाविषयी प्रांजळपणे लिहिले आहे की मानवी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने त्याने खटपट केली, पण कृपेचीच सरशी झाली.

लगेच त्यानंतर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाला या सैद्धांतिक बदलाची पार्श्वभूमी आहे. त्या ग्रंथात आयुष्य मागे वळून पाहिलेले आहे. ज्या भटकंतीला त्या वेळी तो स्वतःची निवड समजत होता, तीतही कोणी तरी त्याच्या मागे लागलेले होते, असे त्याला मागाहून दिसते. निवडीचा सिद्धांत अनुभवाच्या पातळीवर असा प्रतिगामी दृष्टीचा असतो. प्रतिगामी हा शब्द येथे केवळ काळाच्या अर्थाने घ्यावयाचा. ‘मी कसा काय वाचलो?’ या आश्चर्याचे ते शब्दरूप आहे. तोच सिद्धांत भविष्याकडे तोंड करून उभा केला आणि ‘कोण वाचणार, कोण नाही?’ असा प्रश्न त्याला विचारला, की त्याची प्रकृतीच बदलते. ऑगस्टीनच्या स्वतःच्या लेखनात हे दोन्ही प्रकार आढळतात.

पेलेजियस हा ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी. त्याला पाखंडी ठरविले गेल्यामुळे पुढील काळात त्याची प्रतिमा अहंकारी तार्किकाची बनली. प्रत्यक्षात तो नैतिक कळकळीचा धर्मशिक्षक होता. देव जे आज्ञापितो ते करण्याचे बळही देवानेच द्यावे, अशा अर्थाची ‘कन्फेशन्स’मधील प्रार्थना ऐकून तो अस्वस्थ झाला. असे असेल तर आळशी ख्रिस्ती मनुष्याला सबबच मिळाली, ही त्याची तक्रार. देव न्यायी आहे, म्हणून तो अशक्य आज्ञा करणार नाही. आज्ञा आहे त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही निसर्गतःच माणसाला दिलेली आहे. हा युक्तिवाद आजही कोणत्याही समंजस वाचकाला पटेल असा आहे, आणि ऑगस्टीनला त्याचे खंडन करताना जी किंमत मोजावी लागली ती लहान नव्हती.

त्याच्या मते आदामाच्या पतनानंतर समग्र मानवजात हा दोषाचा एकच गोळा आहे. सावकाराने दोन ऋणकोंपैकी एकाचे कर्ज माफ केले आणि दुसऱ्याकडून वसूल केले, तर दुसऱ्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पहिल्यावर मात्र दया झाली. या दृष्टान्तात तर्क बिनतोड आहे, पण माणसाचे मन त्याने शांत होत नाही, कारण दोघांनाही मोकळे करण्याचे सामर्थ्य सावकारापाशी आहे. ऑगस्टीन येथे देवाच्या अगम्य निर्णयाकडे बोट दाखवून थांबतो. एक अर्भक बाप्तिस्मा पावून मरते, दुसरे त्याआधीच मरते. दोघांच्याही हातून काही घडलेले नाही. या उदाहरणाने पात्रतेची कल्पना समूळ उखडली जाते खरी, परंतु दुसऱ्या अर्भकाचे काय, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर वाचवत नाही.

इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मते नाकारली. त्यानंतरचा वाद अधिक उद्बोधक आहे, कारण तो मठातून उद्भवला. आजच्या ट्युनिशियातील हाद्रुमेतुम येथील भिक्षूंनी ४२६ च्या सुमारास शंका काढली : चांगले वागणे हीही कृपेचीच देणगी असेल, तर चुकलेल्या भिक्षूला मठाधिपतीने रागे कशाला भरावे? त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. ऑगस्टीनने त्यांच्यासाठी दोन छोटे ग्रंथ लिहिले आणि सांगितले की रागे भरणे हेही कृपेचे साधन असू शकते. साध्य ठरलेले असले म्हणून साधने गळून पडत नाहीत, हा मुद्दा येथे प्रथम नीट मांडला गेला. पुढे तो एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे. दक्षिण गॉलमधील भिक्षूंचे मात्र समाधान झाले नाही. अखेर ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने मध्यम मार्ग स्वीकारला : पहिले पाऊल नेहमी कृपेचेच असते, पण कोणाला वाईटासाठी नेमलेले आहे असे मानणे त्याज्य होय.

तर्क आणि तुरुंग

हा समतोल ज्याने मोडला त्याची शोकान्तिका थोडक्यात सांगण्यासारखी आहे. नवव्या शतकातील सॅक्सन भिक्षू गॉटशाल्क हा कवी होता. देवाने निवडलेल्यांना जीवनासाठी आणि त्यजलेल्यांना दंडासाठी, असे दुहेरी पूर्वनियोजन केले आहे, हे ऑगस्टीनच्या विचाराचे टोक त्याने निर्भयपणे उच्चारले. ८४८ मध्ये माइन्झ येथे आणि ८४९ मध्ये किएर्झी येथे त्याला दोषी ठरविण्यात आले, फटके मारण्यात आले, स्वतःची पुस्तके जाळावयास लावले आणि उरलेले आयुष्य त्याने मठातील बंदिवासात काढले. लहानपणी आईबापांनी मठाला वाहिलेला हा मुलगा पुढे सुटका मागत राहिला आणि त्याला ती मिळाली नाही. स्वतःच्या इच्छेला किंमत नाही हा अनुभव ज्याला असा आला, त्याने तो सिद्धांत इतक्या तीव्रतेने धरावा, यात काही अन्वर्थक आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १५२५ मध्ये ल्यूथरने इच्छेच्या दास्यावर त्याला उत्तर दिले. परंतु या सिद्धांताशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो कॅल्व्हिन. त्याच्याविषयीचा एक गैरसमज त्याचा ग्रंथ उघडताच दूर होतो. ‘ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत पूर्वनियोजनाची चर्चा देवाच्या स्वरूपाविषयीच्या पहिल्या भागात नाही. ती तिसऱ्या भागात, विश्वास, नीतिमान ठरणे आणि प्रार्थना या विषयांनंतर येते. म्हणजे ज्याला कृपेचा अनुभव आलेला आहे त्याच्यापुढे, त्या अनुभवाचे मूळ सांगण्यासाठी, ती ठेवलेली आहे. आपण निवडलेलो आहोत की नाही हे देवाच्या गुप्त निर्णयात डोकावून शोधणारा चक्रव्यूहात शिरतो, असा इशारा तो देतो. पाहावयाचे असेल तर ख्रिस्त या आरशात पाहावे असे म्हणतो. आणि त्यजलेल्यांविषयीच्या निर्णयाला तो स्वतः भयावह म्हणतो. एवढे असूनही त्याने तो निर्णय ग्रंथातून वगळला नाही, आणि १५५१ मध्ये या मताला जाहीर विरोध करणाऱ्या बोल्सेक या वैद्याला जिनिव्हातून हद्दपार व्हावे लागले.

अनुयायांनी क्रम बदलला. कृपेच्या अनुभवातून मागे जाण्याऐवजी देवाच्या अनादी निर्णयापासून पुढे येणारी तर्काची साखळी त्यांनी तयार केली. लायडन विद्यापीठात आर्मिनियसने तिला विरोध केला. निवड भावी विश्वास पाहून होते, हे ऑगस्टीनने सोडलेले मत त्याने नव्या सावधपणाने मांडले. तो १६०९ मध्ये वारल्यावर त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले, आणि त्याचा निकाल लावण्यासाठी नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात डॉर्ट या डच शहरात आंतरराष्ट्रीय धर्मसभा भरली. ‘कॅल्व्हिनवादाची पाच सूत्रे’ म्हणून जी प्रसिद्ध आहेत ती या पाच कलमांना दिलेली उत्तरे होत; कॅल्व्हिनने अशी सूत्रे कधी केली नव्हती. सभा धर्माची असली तरी वाद राज्याचाही होता. आर्मिनियसच्या पक्षाला आश्रय देणारा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. जन्मठेप झालेला न्यायशास्त्रज्ञ ग्रोशियस दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून किल्ल्यातून निसटला.

डॉर्टच्या निर्णयपत्रातील एक कलम मात्र लक्ष वेधून घेते. विश्वासणाऱ्यांचे मूल बालपणीच मरण पावले तर आईबापांनी त्याच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका बाळगू नये, असे तेथे लिहिले आहे. बाराशे वर्षांपूर्वी ऑगस्टीनने ज्या पाळण्यापाशी तर्क थांबविला नव्हता, तेथे या कठोर समजल्या जाणाऱ्या सभेने तो थांबविला.

कॅथलिक पंथातही याच काळात हा वाद चालू होता. मोलिना या येशूसंघीय पंडिताने १५८८ मध्ये, कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हे देव जाणतो आणि त्यानुसार कृपेची योजना करतो, असा तोडगा मांडला. डोमिनिकन पंथीयांनी त्यावर हल्ला चढविला. रोममध्ये अनेक वर्षे सुनावण्या चालल्या आणि १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने कोणाच्याही बाजूने निकाल न देता, दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये एवढेच फर्मावले. शेकडो वर्षांच्या या इतिहासातील हा कदाचित सर्वांत शहाणा निर्णय असेल. ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचणारे फादर स्टीफन्स हे याच येशूसंघाचे. गोव्यातील साष्टीत ते मराठी ओव्या रचीत होते तेव्हा त्यांच्या संघाला हा वाद संपवून एक दशकही झाले नव्हते.

साधनांचा प्रश्न आणि श्रीरामपूर

हाद्रुमेतुमच्या भिक्षूंची शंका अठराव्या शतकात इंग्लंडमधील ‘विशिष्ट’ बॅप्टिस्टांमध्ये वेगळ्या रूपाने उभी राहिली. ख्रिस्ताचे प्रायश्चित्त विशिष्ट, म्हणजे निवडलेल्या जनांपुरते आहे, असे मानणारा हा पंथ. त्यातील काहींचे म्हणणे असे की देव आपले लोक आपण वाचवील. सर्वांना विश्वासाचे आवाहन करणे हा मनुष्याचा आगाऊपणा होय. अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये याचे खंडन केले, आणि विल्यम कॅरीने १७९२ मध्ये, मूर्तिपूजक जनांच्या धर्मांतरासाठी साधनांचा उपयोग करणे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे काय, या प्रश्नाची चर्चा करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ‘साधने’ हा शब्द शीर्षकातच आहे. निवड देवाची असली तरी तिची वाट भाषेतून, प्रवासातून, छापखान्यातून जाते, हे त्याचे उत्तर.

या उत्तराचे फळ मराठीच्या पदरात पडले. बंगालमधील श्रीरामपूर येथे कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) सिद्ध केले. नवा करार १८११ मध्ये छापला गेला. मराठी मुद्रित गद्याच्या इतिहासात या ग्रंथांची नोंद नेहमी होते, पण त्यांच्यामागील धर्मशास्त्रीय तिढ्याची होत नाही. सर्व काही ठरलेले आहे असे मानणाऱ्या माणसाने शब्दकोश का करावा, हा प्रश्न विचारला तर दैववाद आणि निवडीचा सिद्धांत यांतील अंतर तेथल्या तेथे दिसते. मुंबईत १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी आणि त्यानंतरचे जॉन विल्सन आदी स्कॉटिश मिशनरी हेही कॅल्व्हिनच्याच परंपरेतले. स्कॉटिश मंडळीची १६४७ पासूनची अधिकृत श्रद्धा म्हणजे वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब, आणि त्याच्या तिसऱ्या प्रकरणात देवाच्या अनादी निर्णयाचे प्रतिपादन आहे. फ्री चर्चने १८९२ मध्ये एका घोषणेद्वारे त्याची धार बोथट केली.

दोन तुलना

भक्तिपरंपरेशी तुलना करताना दक्षिणेतील श्रीवैष्णवांचे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे दोन दृष्टान्त नेहमी दिले जातात. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते; मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथ पहिल्याकडे झुकतो, तेंकलै दुसऱ्याकडे. ही तुलना उपयुक्त आहे, पण एक गोष्ट तिच्यात निसटते. मांजर आपली सगळी पिले उचलते. काहींना मागे ठेवीत नाही. ऑगस्टीनला छळणारा प्रश्न त्या दृष्टान्तात उद्भवतच नाही.

तो प्रश्न मध्वाचार्यांच्या द्वैतमतात दिसतो. मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे जीवांचे तीन वर्ग त्यांनी मानले. तिसऱ्या वर्गाला सुटका नाही. म्हणून त्यांना ‘भारताचे कॅल्व्हिन’ म्हणण्याचा मोह होतो. साम्य निष्कर्षात आहे, कारणात मुळीच नाही. द्वैतमतात जीवाजीवांतील भेद स्वरूपसिद्ध आहे. ज्याची जी योग्यता तीच विष्णू प्रकट होऊ देतो. कॅल्व्हिनच्या मते निवडलेला आणि त्यजलेला यांच्या स्वरूपात तिळमात्र भेद नाही. एक मत टोकाच्या भेदावर उभे आहे, दुसरे टोकाच्या अभेदावर. स्वयंपाकघरातल्या निवडण्याचा दाखला मध्वाचार्यांना लागू पडेल, कॅल्व्हिनला नाही.

कॅल्व्हिनच्या सिद्धांतातील दुसरी बाजू, म्हणजे त्यजलेल्यांचे काय ही, विसाव्या शतकात कार्ल बार्थने नव्याने हाताळली. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात त्याने मांडले की निवडणारा देव आणि निवडलेला मनुष्य दोन्ही ख्रिस्तच आहे, आणि त्यजलेलाही तोच. नकार देवाने स्वतःवर घेतला. या मांडणीतून सर्वांचे तारण निष्पन्न होते की नाही, हे सांगण्याचे बार्थने टाळले. टीकाकार याला पळवाट म्हणतात. रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय ज्यांनी नवव्यासह वाचला आहे त्यांना ती तशी वाटणार नाही.

अधिकाराचा प्रश्न

मराठी वाङ्मयाकडे वळताना सिद्धांताचे नाव शोधण्यापेक्षा त्याचा परिणाम शोधणे श्रेयस्कर ठरते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) कॅल्व्हिनवादी नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला, आणि तेथील भगिनींशी त्यांनी सिद्धांतांच्या बाबतीत पत्रांतून घातलेले वाद त्यांच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष देतात. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की शास्त्रांचे अध्ययन करताना ज्या मोजक्या बाबींवर सर्व ग्रंथांचे एकमत त्यांना आढळले, त्यांपैकी एक म्हणजे स्त्रियांना पुरुषांप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. दुसरी अशी की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. आणि तो मिळविण्यासाठी काही कमवावयाचे नाही.

या दोन विधानांमधले अंतर म्हणजेच या लेखाचा विषय. ‘अधिकार’ ही कल्पना भारतीय साधनामार्गात खोल रुजलेली आहे : अमुक साधनेला अमुक अधिकारी. ज्याला अधिकार आहे त्याला, कोणालाच अधिकार नाही असे सांगणारा सिद्धांत अपमानकारक वाटतो. पेलेजियसलाही तसेच वाटले होते. ज्याला जन्मानेच अनधिकारी ठरविले आहे त्याला तेच वाक्य वेगळे ऐकू येते. कोणीच पात्र नाही, म्हणजे त्याच्या अपात्रतेला आता वेगळे नाव राहिले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा राहत होत्या; त्यांच्यासमोर कृपेविषयी बोलताना रमाबाईंना पूर्वनियोजनाच्या साखळीची गरज पडली नाही. साखळीचे पहिले कडे, म्हणजे पात्रतेविना स्वीकार, एवढेच त्यांनी हाती धरले.

टिळकांची (१८६१–१९१९) स्थिती निराळी. अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला कृपेचा शब्द संतांकडून आधीच मिळालेला होता. ‘पतितपावन’ या संबोधनात पात्रतेचा प्रश्न वारकरी परंपरेने आपल्या पद्धतीने सोडविला होता. म्हणून टिळकांच्या काव्यात रमाबाईंच्या निवेदनातला तुटलेपणाचा धक्का जाणवत नाही; तेथे ओळख पटल्याचा आनंद अधिक आहे. १९१७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत होते. निवडलेल्यांची सीमारेषा मिशनच्या हजेरीपटावर काढता येत नाही, हा त्यामागचा भाव कॅल्व्हिनच्या कित्येक अनुयायांना मानवला नसता. कोण निवडलेले हे देवावाचून कोणी जाणत नाही, असे लिहिणाऱ्या कॅल्व्हिनला त्यात स्वतःच्याच वाक्याचा एक दूरचा अर्थ दिसला असता.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर परिभाषा खेड्यातल्या बायकांच्या कानावरून जाते, ही त्यांची तक्रार होती. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम तेथल्या मुलींनीच केले होते.